विंडोजची टीपी

सकाळी साडेआठ

दुकानाची वेळ साडेनवाची, पण दिवाळी झाली की मी तासभर आधीच येतो. धानाची कापणी उरकलेली असते. आदिवासी विकास महामंडळाच्या केंद्रावर धान विकायचं तर शेतकऱ्याची ऑनलाइन नोंदणी लागते. नोंदणीला सातबारा, आधार आणि बँकेचं पासबुक लागतं, आणि ही नोंदणी ज्या कॉम्प्युटरवरून व्हायची तो नेमका याच दिवसांत बसतो. त्याच सुमारास वडशाला झाडीपट्टीच्या नाटक कंपन्यांचा हंगाम लागतो आणि पोस्टरं करणाऱ्या डीटीपीवाल्यांचे फोन सुरू होतात.

दुकान इंदिरा गांधी चौकाजवळ आहे. चौकातून चामोर्शी, धानोरा, आरमोरी आणि चंद्रपूर असे चार रस्ते फुटतात. या चारही रस्त्यांनी माझं गिऱ्हाईक एसटीत सीपीयू मांडीवर घेऊन येतं, वर टॉवेल गुंडाळलेला. २६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपुरातून वेगळा झालेला हा जिल्हा उभा इतका लांब आहे की सिरोंच्याच्या माणसाला गडचिरोलीपेक्षा तेलंगणातलं मंचेरियल जवळ पडतं. त्यामुळे सिरोंच्याची दुरुस्ती माझ्याकडे सहसा येत नाही, फोन मात्र येतात.

आल्याबरोबर रात्री लावून ठेवलेल्या कॉप्या बघतो. फॉरमॅट करण्याआधी गिऱ्हाइकाच्या सगळ्या फायली वेगळ्या डिस्कवर काढून ठेवायच्या, हा नियम. पहाटे लाइट गेली असावी. यूपीएसने जेवढा जीव धरला तेवढं काम झालंय, उरलेलं परत लावतो आणि झाडू घेतो.

साडेनऊ

पहिलं गिऱ्हाईक गोंडवाना विद्यापीठात एम.एस्सी. करणारी मुलगी. लॅपटॉप उघडून माझ्याकडे वळवते. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात, खाली, ती फिकट ओळ: विंडोज ॲक्टिव्हेट करा. मागचं चित्रही काळं झालंय.

“सर, हे अक्षरं कायले येऊन रायले? मी तं काहीच नाही केलो... केली.” विद्यापीठात येऊन दोन वर्षं झाली, तरी बोलताना घरची बोली आधी येते आणि मग ती स्वतःलाच दुरुस्त करते. मी म्हणतो, राहू दे, मलाही तसंच समजतं.

लॅपटॉप नवा घेतला होता. मध्ये हळू चालायला लागला म्हणून कोणीतरी तीनशे रुपयांत फॉरमॅट करून दिला. मी आत बघतो तर विंडोज ‘प्रो’ टाकलेलं, आणि ते चालू ठेवायला एक ॲक्टिव्हेटर. तो बंद पडला म्हणून ओळ आली. आता गंमत अशी की या लॅपटॉपची खरी विंडोज तिने विकत घेतलेलीच होती. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ नंतर, कंपन्या लॅपटॉपसोबत दिलेल्या विंडोजची चावी मदरबोर्डवरच्या चिपमध्ये लिहून देतात. पूर्वी ती खाली स्टिकरवर असायची, घामाने पुसून जायची. चिपमधली पुसत नाही. तिच्या बोर्डावर ‘होम’ची चावी आहे. मी तिच्या फायली काढून घेतो, होम टाकतो, नेटला जोडतो. कोणी काही न विचारता विंडोज स्वतःच ॲक्टिव्हेट होते.

“मंग त्यांनी ते कायले काढलं?”

कारण त्याच्या पेनड्राइव्हवर एकच तयार मसाला होता, सगळ्यांना तोच. शिवाय ‘प्रो’ म्हटलं की गिऱ्हाइकाला काहीतरी जास्त मिळाल्यासारखं वाटतं. माझ्या धंद्यात सगळ्यात जास्त होणारी चोरी ही आहे: पैसे भरून घेतलेला परवाना पुसायचा, त्याजागी चोरीचा टाकायचा आणि वर त्याचे तीनशे घ्यायचे. याला सर्व्हिस म्हणतात.

अकरा

धानोऱ्याच्या पुढून एक सेवा केंद्रवाला येतो. तिशीतला, रात्रभर झोप नसल्यासारखा. सीपीयू बोरीतून काढतो. तक्रार साधी सांगतो: कॉम्प्युटर लय स्लो चालते, गुगल उघडलं की दुसरंच पान उघडते, आणि परवापासून पोर्टलचा पासवर्ड चालत नाही.

शेवटचं ऐकून मी चहा बाजूला ठेवतो.

मशीन नेटला न जोडता सुरू करतो. विंडोजच्या स्वतःच्या अँटिव्हायरसमध्ये ‘इथे तपासू नको’ अशी एक यादी असते. त्या यादीत अख्खा सी ड्राइव्ह. म्हणजे पहारेकरी जागेवर आहे, पण त्याला घरात कुठेच बघायची परवानगी नाही.

“हे कोण केलं?”

“ॲक्टिव्हेट करून देणारा होता ना जी. तो सांगला, अँटिव्हायरस चालू असन तं होत नाही. तो व्हायरस नोहे, अँटिव्हायरसले उगाच तसं वाटते म्हणे.”

हे वाक्य मला पाठ आहे. प्रत्येक ॲक्टिव्हेटरसोबत हेच येतं, आणि ते अर्धं खरं असतं म्हणून जास्त धोक्याचं. अँटिव्हायरस अशा अवजाराला पकडतो तो कधी निव्वळ कुलूप तोडतं म्हणून, कधी त्याच्या पोटात दुसरं काही दडलंय म्हणून. गिऱ्हाइकाला दोन्ही वेळा तीच लाल खिडकी दिसते. दोन्हींतला फरक ओळखायचा एकमेव माणूस जागेवर होता, त्यालाच बंद करायला सांगितलं.

हे ॲक्टिव्हेटर करतात काय, ते त्याला समजावून सांगतो, कारण मशीन उघडं असतानाच माणूस ऐकतो. मोठ्या कार्यालयांत शेकडो कॉम्प्युटर असतात. प्रत्येकावर वेगळी चावी टाकत बसायला नको म्हणून मायक्रोसॉफ्टने विंडोज व्हिस्टाच्या वेळी एक पद्धत आणली, नाव केएमएस. कार्यालयातच एक सर्व्हर ठेवायचा. निदान २५ विंडोज मशीनं त्याला विचारायला आली की तो परवाने वाटायला लागतो. परवाना १८० दिवसांचा. मशीन दर ७ दिवसांनी हजेरी लावून मुदत वाढवून घेतं. कार्यालय सोडून मशीन घरी नेलं की सहा महिन्यांत परवाना संपतो. पद्धत चांगली आहे. ॲक्टिव्हेटर काय करतो, तर तुमच्याच मशीनमध्ये खोटा सर्व्हर उभा करतो. मशीन स्वतःलाच विचारतं, स्वतःच हो म्हणतं. पण ही हजेरी सतत चालू ठेवायची तर त्या अवजाराला कायम आत राहावं लागतं, मशीनच्या मालकापेक्षाही वरचे अधिकार घेऊन. एवढे अधिकार दिलेला अनोळखी कार्यक्रम बाकी काय करतो, हे बघायला कोणी उरलेलं नसतं.

डिसेंबर २०२१ मध्ये रेड कॅनरी या अमेरिकी सुरक्षा कंपनीने एक प्रकरण उघड केलं. केएमएसपिको नावाच्या प्रसिद्ध ॲक्टिव्हेटरच्या नावाने फिरणाऱ्या फायलीत क्रिप्टबॉट होता, ब्राउझरमधले पासवर्ड आणि डिजिटल पाकिटं उचलणारा. गंमत म्हणजे अवजार आपलं मूळ कामही करून द्यायचं, म्हणून गिऱ्हाईक खूश. अशा पासवर्ड-चोरांची जात मोठी आहे. त्यातल्या लुमा नावाच्या एकावर मे २०२५ मध्ये कारवाई झाली. तेव्हा मायक्रोसॉफ्टने सांगितलेला आकडा होता दोन महिन्यांत जगभरातली ३ लाख ९४ हजारांहून जास्त विंडोज मशीनं. लुमा पसरण्याच्या वाटांपैकी एक वाट हीच, फुकटच्या क्रॅक सॉफ्टवेअरची.

या मशीनमध्ये नेमका कोण बसलाय ते मी नाव घेऊन सांगू शकत नाही, पण काय गेलं असेल ते सांगू शकतो. ब्राउझरने ‘लक्षात ठेवू का?’ विचारलं आणि याने हो म्हटलं, ते सगळे पासवर्ड. शिवाय लॉगिन चालू असल्याच्या खुणा, ज्या दुसऱ्या मशीनवर ठेवल्या की ओटीपीसुद्धा न मागता खातं उघडतं. आणि डेस्कटॉप. डेस्कटॉपवर गावांच्या नावांची फोल्डरं आहेत. आत आधार, जातीचे दाखले, पासबुकं, सातबारे, स्वयंघोषणापत्रं.

तो माझ्या खांद्यावरून बघत असतो. म्हणतो, “यात माझं काहीच नाही जी. लोकायचंच आहे सारं.”

हेच तर. शहरात एक लॅपटॉप बिघडला तर एका माणसाचं नुकसान होतं. इकडे एक सेवा केंद्र म्हणजे पाच-सात गावांची कागदपत्रं. चोरीची विंडोज याने टाकून घेतली. ज्यांची कागदं गेली त्यांना विंडोज म्हणजे काय हेही माहीत नाही.

मला त्याच्यावर राग काढता येत नाही. सुटी विंडोज घ्यायची तर दहा हजारांच्या आगेमागे. साध्या धानाचा २०२५-२६ च्या हंगामातला हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये, म्हणजे चार क्विंटलच्या वर धान एका चावीत जातं. याला एका अर्जामागे सुटतात काही रुपये. पण स्वस्त म्हणून घेतलेली वस्तू त्याने स्वतःच्या घरात ठेवली नव्हती, लोकांच्या कागदांशेजारी ठेवली होती, एवढं मला त्याला सांगावं लागतं. तो मान हलवतो.

आता कामाचं. पहिलं म्हणजे या मशीनवरून काही बदलायचं नाही. माझ्या स्वच्छ मशीनवरून ईमेलचा पासवर्ड आधी, मग पोर्टलांचे, मग बँकेचे. सगळीकडून एकदम बाहेर पडायचं, म्हणजे त्या चालू लॉगिनच्या खुणा मरतात. पोर्टलच्या जिल्हा समन्वयकाला फोन. पैसे गेले असतील तर १९३०. तो बँकेचा मेसेज उघडून बघतो. पैसे आहेत.

मग अंगठ्याचं यंत्र. हे तो पिशवीतून घाबरत घाबरत काढतो. त्याची भीती समजण्यासारखी आहे, कारण बँक जिथे तीस-चाळीस किलोमीटरवर, तिथे म्हाताऱ्या माणसांची पेन्शन याच यंत्रावर अंगठा ठेवून निघते. इथे मात्र त्याला धीर देता येतो. हे नोंदणीकृत यंत्र आहे. यालाही ॲक्टिव्हेशन लागतं, दरवर्षी त्याचे पैसेही भरावे लागतात आणि तेव्हा तो कुरकुरतो. पण ते कुलूप कोणासाठी आहे बघा: अंगठ्याचा ठसा यंत्राच्या आतच कुलूपबंद होऊन बाहेर पडतो. मशीनमध्ये चोर बसला असला तरी त्याच्या हाती उघडा ठसा लागत नाही. कुलपं सगळी सारखी नसतात. विंडोजचं कुलूप मायक्रोसॉफ्टचे पैसे राखतं, हे कुलूप म्हातारीचे राखतं.

एवढं बोलून झाल्यावर मला त्या स्वयंघोषणापत्रांची आठवण होते. परत फोल्डर उघडतो. ज्यांना सही येत नाही त्यांनी कागदावर शाईचा अंगठा दिलाय. बाजूला आधार क्रमांक. तोच कागद स्कॅन करून ठेवलाय. देशात आधारवरून पैसे काढण्याचे जे घोटाळे गाजले, त्यांतल्या काहींत ठसे जमिनीच्या खरेदीखतांवरून उचलून त्यांचे नकली अंगठे बनवले होते. यंत्रातून निघाला नाही तो ठसा इथे कागदावर तयार पडलाय.

तो बराच वेळ बोलत नाही. मग विचारतो, “गावात सांगू का जी? सांगलो तं कोण येईन माझ्याकडं?”

मी म्हणतो, मशीन संध्याकाळी घेऊन जा, तोवर विचार कर.

साडेबारा

आरमोरीकडच्या एका राइस मिलचा मुनीम. याचं दुखणं वेगळं. टॅलीचा परवाना नाही म्हणून ती ‘शैक्षणिक’ रूपात उघडते, म्हणजे शिकणाऱ्यांसाठी. त्या रूपात नोंदी फक्त महिन्याच्या १, २ आणि ३१ तारखेलाच करता येतात. मुनीमजींनी अख्ख्या महिन्याची खरेदी पहिल्या दोन तारखांत बसवली. आता जीएसटीचं विवरण जुळेना. मला विचारतात, “तारखेचं कुलूप काढून द्या ना.”

बंगळुरूच्या टॅलीवाल्यांनी १९८६ पासून धंदा केलाय, बिनपरवान्याच्या मुनीमाला कुठे अडवायचं हे त्यांना चांगलं कळतं. सगळं चालू ठेवलंय, फक्त तारीख काढून घेतली. मला तर हे कुलूप आवडतं. फायली लपवत नाही, आत परकं काही सोडत नाही, मशीन हळू करत नाही. आणि मिलमालकाला परवाना परवडत नाही असं मला कोणी सांगू नये, बाहेर त्याची गाडी उभी आहे. मुनीमजींना विक्रेत्याचा नंबर देतो. ते नाराज होऊन जातात. चौकात दुसरा कोणीतरी करून देईल हे त्यांनाही माहीत आहे, मलाही.

दीड

डबा. भात, अंबाडीची भाजी, मिरची. जेवताना काउंटरवरचे क्विक हील अँटिव्हायरसचे डबे समोर दिसतात. त्यांचे मालक कैलास काटकर मूळचे साताऱ्याच्या रहिमतपूरचे, दहावीनंतर शिक्षण सोडून पुण्यात कॅलक्युलेटर दुरुस्त करायचे. धाकटे भाऊ संजय यांनी दुरुस्तीला आलेल्या मशीनांतले व्हायरस काढायला अवजार लिहिलं, त्यातून कंपनी झाली आणि २०१६ मध्ये ती शेअर बाजारात गेली. या डब्यातही चावीच असते. अँटिव्हायरससुद्धा ॲक्टिव्हेट करावा लागतो, आणि त्याचाही क्रॅक मिळतो. तो मागणारं गिऱ्हाईक माझ्याकडे आलेलं आहे. त्याला काय उत्तर द्यावं हे मला त्या दिवशी सुचलं नाही, अजूनही सुचत नाही.

दोन

वडशाहून फोन. या माणसाच्या हातची नाटकाची पोस्टरं अर्ध्या झाडीपट्टीत लागतात. आवाजावरूनच कळतं.

“भाऊ, फायली उघडून नाही रायल्या. सगळ्याच्या मागं चार अक्षरं लागले.”

मी आधी नेटची वायर काढायला सांगतो. मग विचारतो, प्रत्येक फोल्डरमध्ये एक नोटपॅडची फाईल आहे का. आहे. वाचायला लावतो. ९८० डॉलर मागितलेत. ७२ तासांत संपर्क केला तर निम्मे, ४९०. म्हणजे एसटीओपी, ज्याला डीजेव्हीयू असंही म्हणतात. घरगुती आणि छोट्या दुकानांच्या मशीनांना लागणाऱ्या खंडणीखोर व्हायरसांत हा फार पसरलेला. हा बँकांच्या, कंपन्यांच्या मागे लागत नाही. क्रॅकच्या मागे येतो.

“काल काय टाकला?”

थोडा वेळ शांतता. “कोरलचं नवं आलं होतं ना.”

“टाकल्यावर विंडोज अपडेटची खिडकी आली होती? टक्के मोजत बसलेली?”

“हाव! मी म्हटलो अपडेट होऊन रायलं, होऊ दे. चहा प्यायला गेलो.”

ती खिडकी खोटी असते. पडद्यावर टक्के वाढतात तेवढ्या वेळात मागे फायली बंद होत जातात. माणूस चहा प्यायला जावा म्हणूनच ती असते.

ऑक्टोबर २०१९ मध्ये एम्सिसॉफ्ट या कंपनीने या व्हायरसच्या १४८ प्रकारांसाठी फायली सोडवायचं अवजार फुकट दिलं. पण त्याआधीच चोरांनी पद्धत बदलली होती. चावी दोन तऱ्हेची. मशीनला लागण होताना चोराचा सर्व्हर भेटला तर दर मशीनला वेगळी चावी, ती चोराकडेच. सर्व्हर भेटला नाही तर व्हायरस आपल्यासोबत आणलेली सगळ्यांसाठीची एकच चावी वापरतो, आणि ती पुढे-मागे कोणाला तरी सापडू शकते. कोणती लागली हे त्या चिठ्ठीतल्या क्रमांकावरून कळतं. शेवटी ‘टी’ आणि १ असेल तर आशा. मी त्याला शेवटची दोन अक्षरं वाचायला सांगतो. टी नाही. आमच्याकडे एरवी नेट जातं म्हणून आपण शिव्या देतो, काल नेमकं ते चांगलं चालत होतं.

पैसे भरू का, विचारतो. नको. भरले तरी चावी मिळेलच असं नाही, आणि या व्हायरससोबत बरेचदा पासवर्ड चोरणाराही येतो, त्यामुळे नुकसान एकदाच होत नाही. एक गोष्ट मात्र त्याच्या उपयोगाची आहे. हा व्हायरस घाईत असतो, प्रत्येक फाईलचा सुरुवातीचा दीडशे केबीच्या आसपासचा तुकडाच बंद करतो. मोठ्या फायलींचं, व्हिडिओंचं, गाण्यांचं बरंच काही वाचवता येतं. पोस्टरांच्या कोरल फायली छोट्या, त्या गेल्या.

“मग तुझी तयार पोस्टरं कुठं कुठं गेली होती?”

“छापखान्यात व्हॉट्सॲपवर. आणि ज्या गावच्या मंडळानं नाटक घेतलं त्यायले.”

मग तीच मागव. छापखान्याचा फोन, मंडळांचे फोन. कलाकारांचे फोटो कलाकारांकडे असतीलच, झाडीपट्टीतला कलाकार स्वतःचा फोटो हरवत नाही. यावर तो पहिल्यांदा हसतो. अक्षरं परत टाइप करावी लागतील. पूर्वी त्याच्या कॉम्प्युटरच्या पाठीमागे श्रीलिपीचा डोंगल लावलेला असायचा. डोंगल हरवला तर मराठी अक्षर उमटायचं बंद व्हायचं, म्हणून पुण्याहून आणलेला तो ठोकळा हा माणूस रात्री घरी घेऊन जायचा. तेवढीच काळजी फायलींची घेऊन एक डिस्क घरी नेली असती तर आज फोन आला नसता. हे मी त्याला म्हणत नाही. आज नाही.

साडेतीन

कोरचीकडच्या एका ग्रामसभेची दोन पोरं. सामूहिक वनहक्क मिळालेल्या इकडच्या ग्रामसभा तेंदू आणि बांबूची विक्री स्वतः करतात. मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये हक्क मिळाला आणि २७ एप्रिल २०११ ला केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत बांबूच्या वाहतूक परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. तेव्हापासून या जिल्ह्यात हिशेब ठेवणं ही गावाची ताकद झाली आहे. या पोरांना हिशेबासाठी कॉम्प्युटर घ्यायचाय आणि परवान्याची भानगड समजून घ्यायचीय.

मी ॲक्टिव्हेशन सांगायला सुरुवात करतो तोच त्यातला धाकटा म्हणतो, “म्हणजे विंडोजची टीपी म्हणा ना.”

टीपी म्हणजे बांबू-लाकडाच्या गाडीसोबतचा वाहतूक पास. या जिल्ह्यात तो कागद शेंबड्या पोरालाही माहीत. मला इतक्या वर्षांत हे सुचलं नव्हतं.

“हाव, टीपीच.”

“मंग डुप्लिकेट टीपीवर गाडी नेली तं नाक्यावर धरते. इथं कोण धरते?”

“इथं अँटिव्हायरस धरतो. पण डुप्लिकेट टीपी देणारा आधी त्यालाच बंद करायला लावतो.”

“म्हणजे नाकेदारालेच सुट्टी.” दोघं हसतात. मोठा विचारतो, “पण टीपी लागतच नाही असं काही आहे का?”

आहे. हिशेबाचे तक्ते, ठरावांची पत्रं, ग्रामसभेची हजेरी यासाठी लिब्रेऑफिस पुरतं. ते फुकट आहे आणि चोरीचं नाही, या दोन्ही गोष्टी एकत्र असू शकतात हे पटवून द्यायला वेळ लागतो, कारण आमच्याकडे फुकट म्हणजे क्रॅक असंच समीकरण झालंय. मराठी युनिकोडमध्ये टाइप करा, म्हणजे जुन्या फॉन्टची फाईल दुसऱ्या मशीनवर उघडल्यावर दिसणारे ठिपके-चौकोन टळतात. त्यांना अंगठ्याचं यंत्र लावायचं नाही, सरकारी पोर्टलं रोज उघडायची नाहीत, त्यामुळे मशीनवर लिनक्सही चालेल. सी-डॅकने बॉस नावाचं भारतीय लिनक्स काढलंय, उबुंटू आहे. पोरं म्हणतात, आधी विंडोजवर लिब्रेऑफिस पाहू. मग मी सुचवतो, नागपूरच्या बाजारात कंपन्यांनी काढून टाकलेली मशीनं मिळतात, बोर्डावर चावी असलेली बघून घ्या, आणि इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची. त्याच्या मागची मशीनं विंडोज ११ घेत नाहीत, आणि विंडोज १० ची नेहमीची अपडेटं १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाली.

अपडेटचं ते नुसतं मान डोलावून सोडून देतात, म्हणून वॉनाक्राय सांगतो. त्याचं भोक बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ ला दिलं होतं. हल्ला झाला १२ मे ला. दीडशे देशांतली दोन लाखांवर मशीनं सापडली, ती अपडेट न केलेली. क्रॅकवाला अपडेट बंद करून देतो, नाहीतर एखाद्या दिवशी क्रॅक उडतो आणि गिऱ्हाईक परत येतं.

पाच

टायपिंग क्लासवाले सर. त्यांना व्हॉट्सॲपवर चारशे रुपयांत विंडोजची चावी मिळतेय, बिलासकट. घेऊ का? अशा चाव्या बहुधा कुठल्यातरी संस्थेला एकगठ्ठा दिलेल्या, तिथून फुटलेल्या. आज चालतात, संस्थेच्या लक्षात आलं की एका रात्रीत मरतात. सर म्हणतात, पण मी पैसे दिले, मग चोरी कशी? कॉपीराइट कायद्याचं कलम ६३ बी त्यांना वाचून दाखवतो: बेकायदा प्रत आहे हे माहीत असून कॉम्प्युटरवर वापरली तर ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड. २०१२ पासून कुलूप तोडण्याचा गुन्हा वेगळा, ६५ ए, दोन वर्षांपर्यंत कैद. गडचिरोलीत यावरून कोणाच्या क्लासवर धाड पडल्याचं माझ्या कानावर नाही, तेही सांगतो. भीती घालून विकायला मला आवडत नाही. सर चाव्या घेणार, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं.

साडेसहा

सेवा केंद्राचं मशीन तयार. नवी विंडोज टाकलीय, चावी नाही. उजव्या कोपऱ्यात तीच फिकट ओळ. तो दचकतो. “हे तं तसंच आहे!”

ही ओळ काही चोरत नाही, त्याला सांगतो. ओळ असताना अपडेटं येतात, अँटिव्हायरस जागा असतो. मायक्रोसॉफ्टच्या करारात हे कायमचं बसत नाही. धानाच्या हंगामाचे पैसे आले की चावी असलेलं जुनं मशीन घे, पोरांना सांगितलं तेच. तोवर ही ओळ बघायला लाज वाटून घेऊ नकोस. ब्राउझरला एकही पासवर्ड लक्षात ठेवू दिलेला नाही. लोकांच्या कागदांची फोल्डरं मशीनवर परत टाकली नाहीत, त्याच्या हातात वेगळ्या डिस्कवर दिलीत. काम झाल्यावर कागद पुसायचा, हेही बजावून सांगितलं.

तो डिस्क हातात धरून उभा राहतो. मग दुपारभर डोक्यात घोळलेलं बोलतो. “अंगठा लॉक करता येते ना आधारचा?”

येतो. पण लॉक केला की म्हातारीची पेन्शनही त्याच अंगठ्याने निघणार नाही, दर वेळी मोबाइलवरून थोड्या वेळासाठी उघडावा लागेल. मोबाइल आधारला जोडलेला नसेल तर तेही नाही. ज्यांना सही येते त्यांना याची फारशी घाई नाही. ज्यांनी कागदावर शाईचा अंगठा दिलाय त्यांना आहे, आणि नेमकी तीच माणसं यंत्रावर अंगठा ठेवून पैसे काढतात.

“म्हणजे त्यायचीच यादी आधी करा लागते.”

“त्यांचीच.”

“आणि त्यायचे पासबुक पाहा लागते, मागच्या महिन्याचं.” तो बाकावर बसतो. माझ्याकडून कागद मागून घेतो. मी डिस्क माझ्या मशीनला जोडतो, एकेक स्वयंघोषणापत्र उघडतो, अंगठा दिसला की नाव वाचतो. तो लिहितो. काही नावांपुढे मोबाइल आहे असं लिहितो, काहींपुढे मुलाचा, एका नावापुढे ‘स्वतः जाणे’.

धानोऱ्याच्या बसची वेळ होते. अर्धी फोल्डरं राहिलीत. तो फोन काढून गावात कोणाला तरी लावतो. “आज मुक्कामी रायतो, यादी करून रायलो. उद्या दहाले केंद्रावर ये, सोबत जा लागते तुले. कायले, ते उद्या सांगतो. नाही, आत्ताच सांगतो.”

आणि तो सांगायला लागतो. मी पुढचं फोल्डर उघडतो.